गळाला मीठ : नवशिक्यांसाठी संपूर्ण मार्गदर्शिका (मासा वगळून)

खानदेशात गळ घेऊन निघालेल्या माणसाला दोन गोष्टी फुकट मिळतात, ऊन आणि सल्ला. ऊन काठावर पोचल्यावर लागतं, सल्ला घरच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. हतनूरचं धरण असो, वाघूरचं असो की धुळ्याकडचं अक्कलपाडा, डोक्याला उपरणं गुंडाळून बसलेला एक जाणता बापू काठावर असतोच. त्याचं स्वतःचं बूच सकाळपासून हललेलं नसतं. तरी तो तुमच्या डब्यात डोकावतो आणि विचारतो, "नुसती कणीक? भो, खडेमीठ टाक ना! रोहू पळत येतो."

ही मार्गदर्शिका त्या वाक्याला भुलून किराणा दुकानाकडे वळलेल्या नवशिक्यांसाठी आहे. कोणतं मीठ, किती, कुठे आणि कशासाठी, हे सगळं तिच्यात आहे. मासा कधी येईल हे मात्र माशाच्या अखत्यारीतलं आहे.

पायरी 1 : गिऱ्हाईक ओळखा

बापू ज्याला सरसकट 'रोहू' म्हणतो ते कार्प माशांचं एक मोठं खानदान आहे. रोहू, कटला आणि मृगळ हे त्यातले तीन मानकरी. मूळचे ते उत्तरेच्या, गंगेच्या खोऱ्यातले. त्यांची पिल्लं पूर्वी नदीतूनच गोळा करावी लागत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची वीण करून दाखवली आणि मत्स्यबीज केंद्रात तयार करण्याची वाट मोकळी झाली. तो दिवस देशात मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. याच खानदानातले गवत्या आणि चंदेरा 1959 मध्ये परदेशातून आले. सायप्रिनस त्यांच्याही आधी आला होता.

म्हणजे तापी-गिरणेच्या पाण्यात तुम्ही ज्याला मिठाची लालूच दाखवणार आहात तो बहुधा बोटुकली असताना प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून इथे आलेला आहे. बोटुकली नेताना तिच्यावरचा ताण कमी व्हावा म्हणून पाण्यात थोडं मीठ घालतात, परजीवी झटकायला 2 ते 3 टक्के मिठाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवूनही काढतात. तेव्हा मिठाची त्याची पहिली ओळख जेवणातली नसून दवाखान्यातली असू शकते. मिठाचा वास आला की तो पळत येईल की पळून जाईल, हे गृहीत धरू नका.

आता जेवणाच्या पंगतीचा क्रम पाहा. कटला वरच्या थरात चरतो, त्याचं तोंडच वर वळलेलं असतं. रोहू मधल्या थरात असतो. मृगळ आणि सायप्रिनस तळ उकरतात. खडेमीठ टाकलं की ते सरळ तळाला जातं. म्हणून 'कटल्यासाठी मीठ टाकलंय' असं कुणी सांगितलं तर मान डोलवावी आणि आपली काठी जरा लांब लावावी.

या खानदानाला जठर नाही. घशातून थेट आतडं. दात आहेत, पण तेही घशात. ओठांवर, तोंडात आणि मिशांवर चव ओळखणाऱ्या कळ्या असतात. सायप्रिनसला तर अशा मिशांच्या दोन जोड्या असतात. समोर आलेली वस्तू तो तोंडात ओढतो, आत चाळून पाहतो आणि पटली नाही की फुंकून टाकतो. तुमचं बूच दोनदा थरथरतं आणि मग गप्प होतं, तेव्हा बहुतेक वेळा एवढंच घडलेलं असतं. तुम्हाला नाकारलं गेलेलं असतं.

पायरी 2 : सिद्धान्त समजून घ्या, म्हणजे काठावर वाद घालता येईल

बापूचा सिद्धान्त असा, की गोड्या पाण्यातल्या माशाला मिठाची भूक असते. यात अर्धं खरं आहे. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा पुष्कळ खारट असतं. त्यामुळे पाणी सतत अंगात शिरतं आणि क्षार बाहेर पाझरतात. मासा पातळ लघवी करून पाणी काढून टाकतो आणि गेलेले क्षार कल्ल्यांमधून आणि अन्नातून भरून काढतो. मिठाची किंमत त्याला कळते यात शंका नाही.

उरलेलं अर्धं असं, की हे काम तो जन्मापासून चोवीस तास बिनबोभाट करतो आहे. तुमची पुडी फुटेपर्यंत तो खोळंबून राहिलेला नाही.

पायरी 3 : मिठाची निवड

खानदेशात मीठ पिकत नाही. रेल्वे येण्याआधी समुद्रकाठचं मीठ लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून देशावर चढायचं. आज किराणा दुकानात चार प्रकार मिळतात आणि चारही प्रकारांचा एकेक अनुयायी काठावर हजर असतो.

खडेमीठ : समुद्राचं, जाड, स्वस्त. जाड असल्यामुळे हळू विरघळतं, हाच त्याचा एकमेव खरा गुण. बापूची शिफारस याचीच.

सैंधव : खाणीतला खडा. भारतात तो हिमाचलातल्या मंडी भागात निघतो. गुलाबी म्हणून मिरवणारा बहुतांशी पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतला. गुलाबी रंग लोहाच्या अंशाचा. सैंधव उपासाला चालतं, त्यामुळे चतुर्थीला गळ टाकणाऱ्यांचा त्यावर विश्वास असतो. उपास माणसाचा असतो, माशाचा नाही, हे त्यांना सांगू नये.

पादेलोण : याला उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो. तुमच्या डब्याला, खिशाला आणि मोटारसायकलच्या डिकीला तो महिनाभर राहतो.

पुडीतलं आयोडीनयुक्त मीठ : 'आयोडीननं मासा बिचकतो' असं काठावर ठामपणे सांगतात. त्यातलं आयोडीन इतकं नाममात्र असतं की माशाला ते शोधायला प्रयोगशाळा लागेल. मात्र हे मीठ बारीक असल्यामुळे पाण्यात पडताच विरघळून जातं.

चारही डब्यांत मुख्य वस्तू एकच, सोडियम क्लोराइड. फरक खड्याच्या आकाराचा आणि खिशाला पडणाऱ्या भाराचा.

पायरी 4 : हिशेब (दुकानात जाण्याआधी करावा)

एक हेक्टरचा, सरासरी एक मीटर खोलीचा लहानसा तलाव घ्या. त्यात 10,000 घनमीटर पाणी मावतं, म्हणजे एक कोटी लिटर. त्यात तुम्ही एक किलो मीठ टाकलंत आणि ते सगळीकडे नीट मिसळलं, तर लिटरमागे वाढ होते 0.1 मिलिग्रॅमची. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. आता जळगावचा मेहरूण तलाव डोळ्यांसमोर आणा, मग हतनूर आणा आणि हातातल्या पुडीकडे पाहा.

हतनूरच्या भक्तांसाठी आणखी एक अडचण आहे. विदर्भातल्या खारपाण पट्ट्यातून, म्हणजे जिथल्या विहिरींचं पाणीच खारं आहे अशा मुलखातून, पूर्णा नदी येते आणि चांगदेवला तापीला मिळते. हतनूर धरण या संगमाच्या खालीच आहे. मिठाच्या व्यापारात तुमची स्पर्धा पूर्णामाईशी आहे आणि तिचा माल फुकट आहे.

तेव्हा लांबचा मासा मिठाच्या हाकेनं येईल ही आशा सोडा. मिठाचा प्रभाव पडला तर खड्यापासून हातभर अंतरात, तेही पाणी स्थिर असेल तर. खारं पाणी गोड्यापेक्षा जड असतं, ते तळाशी बसतं आणि उताराकडे सरकतं. धरणाच्या तळाचा उतार जुन्या नदीपात्राकडे असतो. तुम्ही मीठ टाकता गळापाशी आणि ते निघून जातं पात्राकडे. म्हणून टाकायचंच असेल तर गळाच्या अलीकडे, काठाच्या बाजूला टाका. ही एक सूचना बापूला ठाऊक नसते, तेव्हा जपून वापरा.

पायरी 5 : कृती

साहित्य : गव्हाचं पीठ एक किलो, दादर ज्वारीचं पीठ अर्धा किलो, भिजवलेली शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड पसाभर, रावेर-यावलकडचं एखादं अति पिकलेलं केळ, मीठ. मीठ किती, ते पुढे येतं.

गव्हाच्या कणकेत चिकटपणा असतो, तो तिच्यातल्या ग्लुटेनचा. म्हणून गळावरचा गोळा गव्हाचा करावा. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नाही. दादरची भाकरी थापणाऱ्या प्रत्येक माउलीला हे हातांनी माहीत असतं. त्यामुळे दादरच्या पिठाचा गोळा पाण्यात पडला की भुरभुरतो आणि तळावर पसरतो. तो गळाला लावायचा नाही. पेंड आणि केळं घालून तो चारा म्हणून भोवती टाकायचा. नवशिके नेमकं उलटं करतात आणि मग मीठ कमी पडलं असं म्हणतात.

आता मीठ. गव्हाच्या कणकेत एक चमचा बारीक मीठ घाला. इथे मीठ खरोखर काम करतं, पण बापू सांगतो ते नव्हे. मिठानं कणकेतला ग्लुटेन घट्ट होतो आणि गोळा गळावर जास्त वेळ टिकतो. दुसरं असं, की मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा डब्यातली अळणी कणीक दुपारपर्यंत आंबून सुटते. मीठ आंबण्याचा वेग कमी करतं. तिसरं काम शक्यतेच्या कोटीतलं : चवदार वाटलेला गोळा मासा फुंकून टाकण्याआधी क्षणभर जास्त तोंडात धरेल. तुम्हाला तो क्षणच हवा असतो.

जाड खडे मात्र कणकेत मळू नका. खडा विरघळला की त्या जागी पोकळी राहते आणि गोळा फुटतो. खडे ठेचून ज्वारीच्या दाण्याएवढे करा आणि मूठभर चाऱ्यात मिसळा. तिथे ते सावकाश विरघळले तरी बिघडत नाही.

इंग्लंड-युरोपातले कार्पचे शौकीन आपल्या उकडलेल्या गोळ्यांत आणि भिजवलेल्या धान्यात मीठ घालतात, हे खरं आहे. तेही आपसांत प्रमाणावरून भांडतात. म्हणजे शास्त्र जागतिक आहे आणि भांडणही.

पायरी 6 : जागा, वेळ आणि परवानगी

राज्यातल्या धरणांमधला मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेला असतो. पाण्यातलं मत्स्यबीज त्यांनी पैसे मोजून सोडलेलं असतं आणि भोई कुटुंबांची चूल त्यावर पेटते. काठी टाकण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारा. तो हो म्हणाला तर आज मासा कुठे आहे हेही बहुधा तोच सांगेल, आणि ती माहिती पोतंभर मिठाला भारी पडेल.

धुळ्याचं नकाणे आणि डेडरगाव हे तलाव शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी आहेत. तिथे मीठ, हिंग, बडीशेप असले कुठलेही प्रयोग ओतायचे नाहीत.

हतनूरला 41 दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडतात तेव्हा खालच्या पात्रातलं पाणी बघता बघता वाढतं. भोंगा वाजला की काठी, मीठ, सिद्धान्त सगळं तिथेच टाकून वर चढा.

उन्हाळ्यात भर दुपारी बसू नका. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, मासा सुस्तावतो आणि चरणं टाळतो. पहाट आणि दिवेलागण बरी. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे कडाक्याची थंडी पडते. तेव्हा उलट, सकाळी पाणी गार असतं आणि माशाची भूकही मंदावलेली असते, म्हणून ऊन चढल्यावर बसावं. उन्हात बसावंच लागलं तर मीठ ताकात घालून स्वतः प्या. घामावाटे लिटरमागे ग्रॅमभर तरी मीठ अंगातून जातं. काठावर मिठाची खरी टंचाई कुणाला असेल तर ती तुम्हाला.

पायरी 7 : नेहमीच्या शंका

मीठ टाकलं, पण येते ती सगळी चिलापीच.
चिलापीला बोलवावं लागत नाही. ती मिठाविनाही येते, पिठाविनाही येते. गळ मोठा घ्या आणि गोळा घट्ट करा, म्हणजे लहान तोंडांचा त्रास कमी होईल.

मिठानं नक्की आकर्षित होणारा प्राणी कोणता?
म्हैस. काठावर खडेमिठाची पिशवी उघडी ठेवा, पाण्यात डुंबणारी म्हैस बाहेर येऊन पिशवीसकट चाटेल. गुरांना मिठाची ओढ असते, म्हणूनच गोठ्यात त्यांच्यासाठी चाटण टांगतात. खडेमिठाच्या जाहिरातीवर चित्र टाकायचं झालं तर ते म्हशीचं टाकावं.

शेजारच्याला लागतो, मला का लागत नाही? मीठ तर एकाच दुकानाचं.
शेजारचा गप्प बसलेला आहे. कार्पच्या पोटातली हवेची पिशवी लहान हाडांच्या साखळीनं कानाशी जोडलेली असते, त्यामुळे त्याला ऐकू फार चांगलं येतं. काठावर आपटलेली चप्पल, दगडावर ठेवलेला डबा, मोबाइलवरचं गाणं, सगळं त्याच्यापर्यंत पोचतं. खडेमीठ चांगलं की सैंधव, यावरची तुमची चर्चासुद्धा पोचत असेल.

मीठ वाढवून पाहू का?
वाढवा. हिशेब पायरी 4 मध्ये दिला आहे.

"काही लागनं का भो?" असं कुणी विचारलं तर काय सांगावं?
आत्ताच एक मोठा सुटला, असं सांगावं. सगळे तेच सांगतात, त्यामुळे कुणाचा विश्वासघात होत नाही.

पायरी 8 : मीठ बाजूला ठेवून जे खरंच चालतं ते

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. कोणत्या माशाला कोणता चारा, दोरी कशी, काठी कशी, याची शिस्तवार मांडणी तिथे आढळते. राजा काठावर बसला की बापूलोक बोलायला बिचकत असणार, म्हणून त्याला स्वतःच लिहावं लागलं असावं. एक गोष्ट मात्र तेव्हापासून बदललेली नाही : मासा धरण्याआधी तो पोसावा लागतो.

म्हणून चार-आठ दिवस रोज एकाच वेळी, एकाच जागी, थोडाच चारा टाका. थोडाच का, तर ढीग टाकला की मासा पोटभर खाऊन निघून जातो आणि उरलेला कुजून तळ नासवतो. मासा जागा लक्षात ठेवतो, वेळही लक्षात ठेवतो. तुम्ही मात्र रविवारी हतनूर, पुढच्या रविवारी वाघूर, त्यानंतर गिरणेवरचा जामदा बंधारा असं हिंडत राहिलात, तर मीठ खेवड्याचं असो की मंडीचं, माशाची आणि तुमची भेट पडणार नाही.

मिठावर एवढा विश्वास का बसतो, याचं उत्तरही यातच आहे. जो माणूस घरी मीठ ठेचतो, पेंड भिजवतो, चारा मुरवतो, तो एवढी तयारी केल्यावर तासाभरात उठून जात नाही. तो बसतो. तीच जागा धरतो. चारा वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. मग मासा लागतो आणि श्रेय मिठाला मिळतं. मिठानं माशाला बोलावलं नाही, त्यानं माणसाला बसवलं. हेही काही कमी काम नाही.

निघण्याआधी

तुटलेला तंगूस पाण्यात किंवा काठावर सोडू नका. हतनूरला हिवाळ्यात लांबून पक्षी येतात आणि नायलॉनच्या धाग्यात त्यांचे पाय, पंख अडकतात. मिठाच्या रिकाम्या पिशव्या परत आणा. पिल्लू लागलं तर हात ओले करून गळ सोडवा आणि पाण्यात सोडून द्या. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमेला वाट मिळते.

पुढच्या हंगामात एखादा पोऱ्या कोरी काठी घेऊन तुमच्या शेजारी येऊन बसेल आणि विचारेल, "दादा, मीठ किती टाकायचं?" काठावरची रीत अशी, की प्रमाण चुकीचं सांगायचं आणि जागा मुळीच सांगायची नाही. ती रीत मोडा. त्याला सरळ सांगा : एक किलो कणकेला एक चमचा, जागा रोज तीच, आणि तोंड बंद.